दोन रात्री निजलेली संत्री

भांडायला कोणी सांगलीहून अकोल्यापर्यंत जात नाही, असं माझी बायको म्हणाली. मी गेलो. कोल्हापूरहून गोंदियाला जाणाऱ्या गाडीत मिरजेला बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकोल्याला उतरलो. मधल्या प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

कशासाठी गेलो ते आधी सांगतो. सांगलीच्या बाजारात माझा फळांचा गाळा आहे. तेरा वर्षांचा असताना दुसऱ्याच्या हातगाडीवर पेरू विकत होतो, तिथून इथपर्यंत कोणाच्या मदतीशिवाय आलो. झाडावरून उतरवलेलं फळ वाटेत बुरशीनं नासू नये म्हणून ते औषधाच्या पाण्यात बुडवतात. बाजारात त्याला नुसतं ‘पावडर’ म्हणतात. पोरवयात मी कोपरापर्यंत हात घालून रोज शेकडो फळं त्या टाकीत बुडवली आहेत. बोटांच्या बेचक्यातली माझी कातडी तेव्हापासून आजतागायत धड नाही. त्यामुळं स्वतःचा गाळा झाल्यावर पावडरीशिवाय टिकणारं फळ शोधायची मला खोड लागली.

मिरजेच्या सुमनताई संत्र्याच्या सालीचा मुरंबा आणि साखरेत मुरवलेल्या साली करून पुण्यामुंबईला पाठवतात. आपण साल फेकतो, त्यांचा धंदाच सालीवर आहे. म्हणून त्यांना सालीवर औषधाचा कणही नको असतो. माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक त्याच. त्यांच्यासाठी मी वऱ्हाडात परतवाड्याजवळ संत्र्याची बाग असलेले उत्तमराव शोधून काढले. ते तिखाडी नावाच्या रानगवताच्या तेलाची वाफ देऊन संत्रा टिकवतात, असं कळलं होतं. फोनवर सौदा झाला, नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिली गाडी आली. पाचव्या दिवशी सुमनताईंनी मला बोलावून घेतलं. कॅरेट उघडलं की हिरवी धूळ उडत होती. फळाला बोट लावलं की आत जात होतं.

“एक गाडी अजून बघते,” त्या म्हणाल्या. “तीही अशीच निघाली तर मी दुसरा माणूस बघेन.”

उत्तमराव पैसे परत द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. मला त्यांच्या तोंडून ‘चुकलो’ ऐकायचं होतं, आणि तेही चार माणसांसमोर. मी बाजारात सगळ्यांना सांगून टाकलं होतं की वऱ्हाडातल्या माणसानं मला फसवलं. आता ते सिद्ध करायचं होतं. माझ्या फोनमध्ये प्रत्येक बोलणं आपोआप साठवलं जातं. एकदा एक दलाल दिलेल्या शब्दावरून फिरला, तेव्हापासून ही सोय करून ठेवली आहे. उत्तमरावांचं बोलणंही त्यात होतं. ‘वीस दिवस फळ हलत नाही, माही जबान हाय,’ हे त्यांचं वाक्य मी दोनदा ऐकलं आणि फोन पिशवीत टाकला. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत, नासलेल्या कॅरेटमध्ये वाफेसाठी तेलात भिजवून ठेवलेले चार कागद.

अकोला

स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं-कोथिंबीर भुरभुरतात आणि विषय संपतो. इथं पोह्यांवर लालभडक रस्सा ओततात आणि खाणारा घाम पुसत आणखी मागतो. मीही मागितला.

जीप ठरवायला गेलो तर सलीमभाई भेटले. पन्नाशीचे, मेंदी लावलेली दाढी. त्यांनी भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. ते चढेनात, मी हलेना. चहा झाला, दुसरा चहा झाला.

“शेठ, तुमी भाव करून राहिले का भांडून राहिले?” त्यांनी विचारलं.

“दोन्ही.”

“मंग ठीक हाय. मले वाटलं, निरं भांडूनच राहिले.”

शेवटी जमलं. जमल्यावर मी म्हणालो, “आणि वरचं एक. वाटेत दुसरी सवारी घ्यायची नाही.”

हे ‘वरचं’ म्हणजे माझा तीस वर्षांचा नियम आहे. भाव ठरला की समोरचा माणूस सैल पडतो. त्याच वेळी हळूच आणखी एक गोष्ट मागायची. शंभरातले नव्वद जण देतात. माणूस भावासाठी जीव टाकतो, पण सौदा पटल्यावर मागितलेल्या किरकोळ गोष्टीसाठी पुन्हा भांडायला त्याला लाज वाटते. माझा निम्मा धंदा या वरच्यावर उभा आहे.

सलीमभाईंनीही दिलं. फक्त म्हणाले, “तुमी सासऱ्याकून पन वरचं मागतलं असन.”

मागितलं होतं. सायकल.

परतवाड्याकडे

अकोटपर्यंतच्या रस्त्याबद्दल मी बोलणार नाही, माझी कंबर बोलते. पण दोन्हीकडची जमीन बघण्यासारखी. आमच्या कृष्णाकाठीही काळी माती आहे, पण ती उसाखाली झाकलेली. इथं ती दूरवर उघडी पसरलेली दिसते, वर पऱ्हाटीची पांढरी बोंडं आणि मध्ये पिवळी फुललेली तूर. बायका कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. अकोटच्या आसपास केळी लागली, अंजनगावपासून संत्र्याच्या बागा सुरू झाल्या.

अंजनगावात एका खानावळीत जेवलो. वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी. आमच्याकडे खानावळीत भाकरी मोजून वाढतात. इथला मालक मागं उभा राहून न विचारता ताटात टाकत होता. मी हात आडवा केला तर म्हणाला, “लाजून कोनाचं पोट भरलं का आजवर?” बिलात फक्त जेवण लिहिलं होतं, भाकऱ्या नव्हत्या. असा माणूस सांगलीत सहा महिन्यांत गाळा विकून जाईल, असा विचार मनात आला. मग त्याच्या भिंतीवरचा बापाचा आणि आजोबाचा फोटो बघितला. दोघंही त्याच गल्ल्यावर बसलेले.

परतवाड्याच्या अलीकडं सलीमभाईंनी जीप हळू केली. “तुमच्या उत्तमरावच्या बागीचाचा फाटा आला.”

“पुढं चला.”

“ज्याच्यासंगं भांडाले आले त्याच्याच दारावरून चालले?”

“आधी पुरावा, मग भांडण,” मी म्हणालो. उत्तमराव तेल कोणाकडून घेतात ते मी आधीच काढून ठेवलं होतं. माझा पक्का संशय होता की तेलात भेसळ आहे, रॉकेल नाहीतर सरकीचं तेल. ते पकडायचं आणि मग बागेत पाय ठेवायचा. त्या दिवशी परतवाड्यात लॉजवर थांबलो.

हिरालालची भट्टी

सकाळी घाट चढून मेळघाटात शिरलो. सागाची पानं वाळून खडखडत होती. धारणीच्या वाटेवर एका ठिकाणी डांबर संपलं, पुढं दगड होते, आणि दगडांच्या पुढं ओढा. ओढ्याकाठी हिरालालची भट्टी.

हिरालाल कोरकू आहे, माझ्याच वयाचा, अंगानं वाळकुडा. लोखंडी पिंपात फुलोऱ्यावर आलेलं तिखाडी गवत ठासून भरलेलं, खाली लाकडांची आच. पिंपातून निघालेली नळी ओढ्याच्या पाण्यातून जाते आणि टोकाशी बाटली. बाटलीत थेंब थेंब पाणी पडतं आणि त्यावर पिवळसर तेल तरंगतं. वास गुलाबासारखा, मागून थोडा लिंबाचा. एवढ्या उग्र धुरात इतका नाजूक वास कुठून येतो, याचा मी थोडा वेळ विचार केला. मग पुरावा आठवला.

“ह्यात काय काय घालता?” मी विचारलं.

“गवत.”

“आणखी?”

“पानी.”

मी पिशवीतले चार कागद काढले आणि मनातलं बोलून टाकलं. तो रागावला नाही. कोरा कागद घेऊन त्यानं ताज्या तेलाचा एक थेंब टाकला, शेजारी खोबरेल तेलाचा एक. “थांबा,” म्हणाला आणि आच सारायला गेला. बराच वेळ गेला. तिखाडीचा थेंब उडून गेला, कागद जसाच्या तसा कोरा. खोबरेलाचा डाग राहिला. माझे चार कागद मी उन्हात धरून बघितले. एकावरही डाग नव्हता. वास मात्र होता, तीन आठवड्यांनंतरही.

भेसळ नव्हती. माझा अर्धा खटला ओढ्यात वाहून गेला. राग कुठंतरी काढायचा म्हणून मी तेलाचा भाव विचारला आणि घासाघीस सुरू केली. हिरालालनं भाव एकदा सांगितला. मी कमी केला. तो लाकूड सारत राहिला. मी थोडा चढलो. त्यानं बाटली बदलली. मी ओरडलो, “अहो, काहीतरी बोला!”

“कालबी हाच भाव होता, शेठ,” तो म्हणाला. “उद्याबी हाच राहीन. तुमी बोला, मी आयकतो.”

जीपला टेकून सलीमभाई पोट धरून हसत होते. मी भट्टीच्या धगीनं आणि संतापानं घामाघूम झालो होतो. मानेवरचा घाम हातानं पुसला आणि किंचाळलो. बोटांना तेल लागलेलं होतं. मान अशी पेटली की मी तिथल्या तिथं नाचलो. हिरालालनं मला खांद्याला धरून सावलीत बसवलं, फडक्यानं मान कोरडी पुसली, वर चिमूटभर राख लावली. त्या दिवसात पहिल्यांदाच तो हसला.

“ओल्या अंगाले लावाचं नाय थे,” तो म्हणाला. “सुक्या हाताले पाहा, काई झालं का? ओल्याले लागलं का आग.”

खरंच, त्याच तेलानं माखलेल्या माझ्या बोटांना काहीही झालं नव्हतं. बेचक्यातल्या खराब कातडीलाही नाही. हे ऐकून मी फक्त वैतागलो. थोडं डोकं चालवलं असतं तर तिथूनच सांगलीला परतलो असतो. तेलाची एक लहान बाटली घेतली, त्यानं सांगितलेल्या भावात. वरचं मागायचं मला सुचलं नाही.

उत्तमरावांची बाग

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच बागेत पोचलो, मुद्दाम, तयारीला वेळ मिळू नये म्हणून. हिरव्या पानांत केशरी फळं लगडलेली, मागं सातपुड्याची निळी रांग. पण माझं लक्ष गेलं ते तोडणाऱ्या मजुरांकडं. दहा-बारा माणसं बांधावर बसून गप्पा मारत होती. आठ वाजले तरी बसलेलीच.

“आमच्याकडं द्राक्षं उजाडताच तोडायला घेतात,” मी म्हणालो. “इथं दिवस वर आला तरी माणसं बसलेली!”

“दहिवर सुकू द्या ना काका,” पाठीमागून आवाज आला. ती वैशाली, उत्तमरावांची सून. शेतीचं शिकलेली आहे, आणि ही वाफेची सगळी पद्धत तिनंच बसवलेली. हातात देठ कापायची कात्री होती. “पान ओलं असलं का फळ पन ओलं. ओलं फळ तोडत नाई आमी.”

उत्तमराव आले. साठीचे, उंच, डोक्याला रुमाल. रामराम झाला. मी बसलो नाही.

“चार माणसं बोलवा,” मी म्हणालो. “मला जे बोलायचं आहे ते सगळ्यांसमोर बोलेन.”

“बोलावतो ना. पयले च्या घ्या.”

चहा घ्यावा लागला. शेजारच्या बागांचे दोन मालक आले, सलीमभाई बोलावल्याशिवाय येऊन खाटेवर बसले. वैशाली दाराशी उभी. मी फोन मध्ये ठेवला आणि उत्तमरावांचं वाक्य लावलं. ‘वीस दिवस फळ हलत नाही, माही जबान हाय.’ बटण दाबून बंद केलं आणि सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं.

“हा आवाज तुमचा?”

“माहाच,” उत्तमराव म्हणाले.

“मग पाचव्या दिवशी फळ का नासलं?”

मग वैशाली म्हणाली, “पुढचं लावा ना, काका.”

“पुढं काय, भावाचं बोलणं आहे.”

“लावा तं.”

“लावा शेठ,” सलीमभाई म्हणाले. “वेटिंगचं मीटर चालूच हाय.”

मी पुढचं कधी ऐकलेलं नव्हतं. ऐकायची गरजच काय, बोलणारा मीच होतो. लावलं. भावाची ओढाताण झाली, सौदा पटला. आणि मग माझा आवाज आला, खूश, सैल, वरचं मागतानाचा:

‘आणि उत्तमराव, वरचं एक. गाडी उद्या सकाळी येतेय, संध्याकाळपर्यंत भरून द्यायची.’

‘नाई जी, तोडल्यावर दोन रात्री फळ निजवा लागते. मंग वाफ, मंग भरती.’

‘दोन रात्रीत माझं वजन सुकतं. आमच्याकडं द्राक्ष पहाटे तोडतो, दुपारी गाडीत. तोडणीला उजाडताच माणसं लावा.’

मागून वैशालीचा आवाज, दुरून: ‘बाबा, त्याइले सांगा, ओल्या सालीवर तेल नाई चालत, चट्टा पडते.’

‘ताई, मी तीस वर्षं फळात आहे. निजवायचं नाटक मला नको. जमत असेल तर सांगा, नाहीतर सौदा राहू द्या.’

मग उत्तमराव: ‘तुमचा माल, तुमची मर्जी. पन मंग वीस दिवसाचं मी बोललो नाई, असं समजा.’

‘समजलो, समजलो. उद्या गाडी.’

अकरा मिनिटांचं बोलणं संपलं. झाडावर कुठंतरी पोपट ओरडत होते. शेजारच्या बागवाल्यांपैकी एकानं तंबाखू मळायला घेतली आणि हातातच ठेवली.

वैशाली आत गेली आणि एक कॅरेट घेऊन आली. “त्याच दिवशीचा, त्याच झाडायचा माल हाय. दहिवर सुकल्यावर तोडलेला. घरासाठी ठेवला होता, दोन रात्री निजवून.” मी एक फळ उचललं. साल जराशी मऊसूत पडलेली, चामड्यासारखी, देठाची बारीक टिकली जागेवर. दाबलं, नखानं खरवडलं, वास घेतला. तीन आठवड्यांचं फळ होतं आणि त्यात खोट काढायला मला काहीही सापडलं नाही.

मग तिनं शिकवावं तसं सांगितलं, आणि मी ऐकलं. नुकतं तोडलेलं, दवानं भिजलेलं संत्रं टम्म असतं. कॅरेटमध्ये घासलं की सालीला बारीक बारीक चिरा जातात, आणि बुरशी त्या चिरांतूनच आत शिरते. सावलीत वाळल्या गवतावर दोन रात्री ठेवलं की सालीतलं पाणी थोडं उतरतं, साल नरम होते, देठाची जखम सुकते. मग बंद खोलीत तिखाडीच्या वाफेवर एक रात्र. माझ्या गाडीला तेवढाही वेळ नव्हता, म्हणून तेलाचे कागद कॅरेटमध्येच घातले होते. तेल बुरशीला रोखतं, पण फाटलेली साल शिवत नाही. आणि साल ओली असली तर तेल उलट तिलाच भाजतं.

माझा हात आपोआप मानेवर गेला. तिथं अजून चट्टा होता.

मी उठलो आणि काही न बोलता बागेत शिरलो. लाजेनं गेलो म्हणायला हरकत नाही, पण खरं सांगायचं तर रागानं गेलो. रागवायला कोणी सापडेना, हाच राग जास्त होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. तोडणी सुरू झाली होती. कात्रीचा बारीक कट् कट् आवाज येत होता. एकही मजूर फळ ओढून तोडत नव्हता, एकही फळ कोणी टाकत नव्हतं. आमच्या बाजारात असं काम मी कधी बघितलं नाही, आणि अशी माणसं माझ्याकडं असती तर बांधावर बसायचे पैसेही मी खुशीनं दिले असते.

परत आलो तेव्हा बाकीचे गेले होते. “आज तोडलेलं फळ कधी उठेल?” मी उत्तमरावांना विचारलं.

“परवा. मंग वाफ.”

“थांबतो.”

“थांबा. घर तुमचंच हाय,” ते म्हणाले. ‘चुकलो’ हा शब्द मी तेव्हाही काढला नाही, आणि त्यांनी मागितला नाही.

थांबलेले दिवस

फळं निजली होती, त्या वेळात सलीमभाई मला चिखलदऱ्याला घेऊन गेले. दरी बघितली, तिथंच पिकणारी कॉफी प्यायलो. बरी होती. बागेत बायांनी गोवऱ्यांवर रोडगे भाजले. कणकेचे जाड गोळे, बाहेरून खरपूस, तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी. मी चार खाल्ले, उत्तमरावांनी पाच, सलीमभाईंनी मोजू दिले नाहीत.

रोज सकाळी मी पडवीत जाऊन फळं बघत होतो. वाळल्या गवतावर एकेरी थरात मांडलेली, एकाला दुसरं टेकलेलं नाही. वजन कमी होत होतं, ते मला नुसत्या डोळ्यांनी कळत होतं, आणि दर सकाळी बुडालेल्या किलोंचा हिशोब मी मनात मांडत होतो. ते खोटं सांगणार नाही.

तिसऱ्या दिवशी वैशालीनं फळं मातीच्या बंद खोलीत नेली. कोपऱ्यांत तेलाचे कागद टांगले, दाराच्या फटी ओल्या मातीनं लिंपल्या. दुसऱ्या सकाळी दार उघडलं तेव्हा वासाची एक लाटच अंगावर आली.

गाडी लागली. भाव ठरवायला बसलो आणि मी कसूर केली नाही. दोन तास चाललं. एकदा मी उठून जीपपर्यंत गेलो, एकदा उत्तमराव उठून विहिरीपर्यंत गेले. वैशाली मधून मधून येऊन बघून जायची. शेवटी पटलं. मी हात पुढं केला, उत्तमरावांनी धरला, पण सोडला नाही.

“बोला,” ते म्हणाले. “वरचं काय?”

सलीमभाई कान टवकारून बघत होते. माझ्या जिभेवर दोन-तीन गोष्टी तयार होत्या, सवयीनं. त्या गिळल्या.

“या वेळी तुम्ही मागा,” मी म्हणालो.

उत्तमरावांनी माझा हात सोडला. मग शांतपणे म्हणाले, “शेठ, तुमच्याकडचे दोन व्यापारी आवंदा येनार होते माह्याकडं. एक कोल्हापूरचा, एक मिरजेचा. दोघायचेही फोन बंद पडले. मले माहीत हाय काहून. चाळीस वर्साचा बागीचा हाय, आजवर कोनी चोर म्हंतलं नाई.” त्यांनी माझ्या फोनकडं बोट दाखवलं. “वरचं एवढंच. जितं जितं म्हंतलं, तितं तितं जाऊन सांगा. अकराच्या अकरा मिन्टं.”

मी वाद घातला नाही. सौदा पटल्यावर मागितलेलं द्यायचं असतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत?

मिरज

पहिल्यांदा सुमनताई. गाडी उतरवून घेतली आणि त्यांच्या कामाच्या ओट्यावर फोन ठेवला. साली सोलता सोलता त्यांनी सगळं ऐकलं. संपल्यावर सुरी खाली ठेवली.

“म्हणजे माझी संत्री तुम्ही नासवलीत.”

“हो,” मी म्हणालो. “चुकलो.”

ज्या शब्दासाठी मी एवढा लांब गेलो होतो, तो शेवटी माझ्याच तोंडून आला. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा सुरी उचलली. “फळ वीस दिवस बघते. मग बोलू.” विसाव्या दिवशी त्यांनी शेवटचं कॅरेट माझ्यासमोर उघडलं, एकेक फळ हातात फिरवून बघितलं, आणि पुढच्या दोन गाड्या सांगितल्या. त्या गाड्यांची बोलणीही फोनमध्ये आहेत. दोन रात्री दोन्हीत आहेत.

त्यानंतर कोल्हापूरच्या आणि मिरजेच्या व्यापाऱ्यांकडं गेलो. बाजारातल्या चहावाल्याला ऐकवलं, काट्यावरच्या माणसाला ऐकवलं, न्हाव्याला ऐकवलं. न्हाव्यानं आणखी सहा जणांना सांगितलेलं निघालं. बायकोच्या माहेरी गेलो. जो भेटेल तो म्हणे, मी अमक्याला सांगितलं, तमक्याला सांगितलं. शेवटी कुठं कुठं बोललो होतो तेच मला आठवेना. म्हणून हे लिहून काढलं.

भावात उत्तमरावांनी मला थोडं जास्तच ताणलं, हे माझं मत कायम आहे. पण ते चोर नाहीत. त्या दोन रात्री मीच वरचं म्हणून काढून घेतल्या होत्या.